संकासुराची कंबर

आमच्या घरात संकासुराचा मान होता. शिमग्यात देवाची पालखी बाहेर पडली की तिच्या पुढे काळा डगला घातलेला, उंच काळी टोपी गळ्यापर्यंत ओढून तिला तागाची दाढी लावलेला, कमरेला घुंगरांचा पट्टा बांधलेला एकजण नाचतो, तो संकासूर. आधी माझे आजोबा नाचले, मग वडील, मग एकेचाळीस वर्षं मी. शाळा चौथीपर्यंत, पोटापुरती भातशेती, आंब्याची पाच-सहा कलमं. यापलीकडे सांगण्यासारखं माझ्याकडे हा मान तेवढा होता. तो कसा गेला ते मीच लिहून ठेवतो. वाडीत लोक वेगवेगळं सांगतात आणि सगळ्यांच्या सांगण्यात दोष माझ्या नातीवर येतो.

आमचं गाव रत्नागिरीजवळच्या पालीच्या पुढे, आत. मुलगा लोट्याला केमिकल कंपनीत पाळीवर जातो आणि राहतो खेडला. त्याची मुलगी चित्रकला शिकली. आता ती कॉम्प्युटरवरच्या खेळांतली माणसं काढते. ऑफिस पुण्याला, पण काम घरी बसून. खेडच्या दोन खोल्यांत बाप रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, आणि हिच्या तर दिवसभर मीटिंगा. म्हणून भातकापणी उरकल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. नेटची वायर वाडीत आलेली होती. पडवीत तिने टेबल मांडलं आणि घरात पुन्हा माणसाचा आवाज आला.

ती काय काढते ते मी बरेच दिवस बघितलं नाही. आपल्याला कळत नाही तिथे डोकावू नये, असा माझा स्वभाव. एकदा चहा द्यायला गेलो तेव्हा तिनेच बसवून घेतलं. म्हणाली, या खेळात खेळणारा आधी आपलं सोंग निवडतो. योद्धा, मांत्रिक, राक्षस, काय हवं ते. प्रत्येक सोंगाचे दोन देह, एक पुरुषाचा, एक बाईचा. बटण दाबलं की देह बदलतो. तिने योद्धा काढून दाखवला. मानेपासून पावलापर्यंत लोखंडात, वरून बैलगाडी गेली तरी ओरखडा उठायचा नाही. मग तिने बटण दाबलं. तीच तलवार, तोच हुद्दा, पण बाई. लोखंड म्हणजे छातीवर दोन वाट्या. पोट उघडं, मांड्या उघड्या, पायात उंच टाचा.

मी विचारलं, ही कुठल्या लढाईला निघाली. नात हसली. म्हणाली, हेच ऑफिसात विचारून विचारून ती दमली. ते म्हणतात खेळणाऱ्यांना असंच लागतं.

मला हसू आलं नाही. माझ्या पाठीत, कमरेच्या वर, एका जागी गार पडलं. ती जागा मला ठाऊक होती. पन्नास-बावन्न वर्षांत ती कोणाला दाखवली नव्हती.

संकासूर व्हायच्या आधी चार शिमगे मी गोमू होतो. गोमू म्हणजे लुगडं नेसून, अंबाडा बांधून, संकासुराबरोबर नाचणारा पुरुष. मिशी न फुटलेला, अंगाने हलका पोरगा त्यासाठी धरतात. मी दिसायला बरा होतो, आणि त्याचा गर्वही होता. एका दुपारी शेजारच्या गावात, एका मोठ्या घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, नाचत असताना मागून कोणाचा तरी हात माझ्या कमरेवर आला आणि तिथेच राहिला. लोक हसले. मीही हसलो, कारण गोमूने हसायचंच असतं. परतताना निरी सुटली म्हणून मी मागे राहिलो, तर त्या खळ्यातले दोघे काजूच्या झाडांतून माझ्या मागे येताना दिसले. मी पुरुष आहे हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून ते येत होते. लुगडं वर धरून मी कातळावरून जो धावलो, तो दोन्ही ढोपरं फोडून घेऊन आमच्या खेळ्यांत, नाचणाऱ्यांच्या मेळ्यात, पोचलो. पडलो म्हणून सांगितलं.

दहा वर्षांनी वडील थकले आणि काळा डगला माझ्या अंगावर आला. आम्ही त्याच खळ्यात गेलो. ज्याचा हात होता त्यानेच आपलं आजारी पोर आणून बरं व्हावं म्हणून माझ्या हातात दिलं आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. आत मीच होतो, तोच, तीच कंबर.

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी नातीलाही सांगितलं नाही. चहाचा कप उचलला आणि आत गेलो.

पंधरा दिवसांनी ऑफिसने तिला सांगितलं की आपल्याकडच्या मातीतला एक राक्षस हवा. तिने संकासूर काढला. लहानपणी बघितलेला, आठवेल तसा. मी बघितला आणि माझं डोकं फिरलं. घुंगरं पायात बांधलेली. उभा होता तो पोलीस उभा राहतो तसा. मी म्हटलं, हा संकासूर नाही, हा डगला घातलेला कोणीतरी आहे. ती म्हणाली, मग दाखवा कसा असतो. मी उठलो, एक पाय टाकला आणि खांब धरून बसलो. गुडघा संपला होता. मागचे दोन शिमगे मी पट्टी बांधून, वाडीपुरताच नाचलो होतो, आणि पुढे कोण याची गावात कुजबुज चालू होती. मुलाला त्यात रस नव्हता आणि रजाही नव्हती.

ती म्हणाली, "आबा, मी घालते. तुम्ही बसून सांगा कुठे चुकतंय."

आमच्या गावात पालखी बाहेर पडल्याशिवाय संकासुराची पेटी उघडत नाहीत. बाईमाणूस त्या कपड्यांना हात लावत नाही. माझ्या बायकोने कधी तो डगला धुतला नाही, मीच नदीवर नेऊन धुवायचो. मी नाही म्हटलं. दोन दिवस नाही म्हणत राहिलो. तिने पुन्हा गळ घातली नाही, हे नीट लक्षात घ्या. तिसऱ्या दिवशी तिने सुधारलेलं चित्र दाखवलं. ते आधीच्यापेक्षा वाईट. संकासूर एस्टी चुकेल म्हणून निघाल्यासारखा चालत होता. हे चित्र माझ्या घरातून बाहेर जाणार, जगभर लोक बघणार, आणि पायच चुकलेला. मला राहवलं नाही. पेटी मीच माळ्यावरून काढायला लावली. डगला मीच तिच्या अंगावर चढवला. घुंगरांचा पट्टा मी माझ्या हातांनी तिच्या कमरेला बांधला, आणि गाठ नेहमीसारखी डाव्या बाजूला मारली.

सकाळचे अकरा वाजले असतील. खळ्यात ऊन होतं. तिने मोबाईल गडग्याच्या दगडांत टेकवून चालू केला. मी पायरीवर बसून सांगत होतो. उजवा पाय आधी. गुडघ्यात वाक. आता थांब, थांबणं हाच नाच आहे. मान फिरव, अंग नको. आठ-दहा वेळा चुकली. मग तिला ते साधलं.

आणि मला भीती वाटली.

एकेचाळीस वर्षांत मी संकासूर समोरून बघितलाच नव्हता. त्याआधी आजोबांचा, वडिलांचा बघितला होता, पण त्यानंतर मी कायम आतच. आतून तो म्हणजे घाम, आपलाच श्वास आणि दोन भोकांतून दिसेल तेवढं जग. त्या सकाळी तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता. तिथे माझी नात नव्हती. बाई नव्हती, पुरुष नव्हता. ते काळं जे काही होतं त्याने मान फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. गाठ मी मारलेली होती, तरी माझे पाय आपोआप वरच्या पायरीवर आले. मी म्हटलं, पुरे. ते थांबलं नाही, आणखी दोन पावलं आलं. मी ओरडलो, पुरे. तेव्हा टोपी निघाली, आणि खालून घामाने केस चिकटलेली माझी पोर बाहेर आली.

"आबा, घाबरलात?"

"नाय," मी म्हटलं.

मी कपड्यांची घडी घालायला घेतली. मग गडग्यापलीकडून भावजयीचा आवाज आला. "भावोजी, मार्गशीर्षात घुंगरं कशी वाजली हो?" मी सांगितलं, कपड्यांना ऊन दाखवत होतो, कसर लागते. ती बरं म्हणाली, पण गेली नाही, तिथेच उभी राहिली.

चौथ्या दिवशी नातीला ताप भरला.

पालीच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. ताप उतरला की मी सुटायचो, चढला की पुन्हा तिच्या उशाशी बसायचो. तापातच तिला ऑफिसचं उत्तर आलं. राक्षस आवडला होता. पुरुषाचा देह तसाच ठेवायचा. बाईच्या देहाला मात्र कंबर दिसली पाहिजे, डगला मांडीपर्यंत चिरलेला, टोपी काढून चेहरा उघडा आणि देखणा. तिने आडवी पडूनच मला वाचून दाखवलं.

मी म्हटलं, "संकासुराला कंबर नाय गो. पट्टा असतो. कंबर नाय."

ती म्हणाली, तेच त्यांना पटवायचं आहे, पण कसं सांगू ते कळत नाही.

तिचं अंग तापलेलं, डोळे लाल. मला वाटलं ही गेली तर माझ्या कमरेचं ते गुपित माझ्याबरोबरच जायचं. म्हणून सांगितलं, "आतलं माणूस दिसलं की भय जातं. कंबर दिसली की कोणतरी तिच्यावर हात ठेवतो."

ती कुशीवर वळली. मग हळू विचारलं, "तुमच्यावर ठेवला होता?"

मी हो म्हटलं. मग सगळंच सांगितलं, त्या खळ्यापासून काजूपर्यंत. संपल्यावर मोबाईल घेऊन तिने ऑफिसला दोन ओळी लिहिल्या, कंबर का काढायची नाही याच्या. त्यात माझं काही लिहिलं नाही, एवढं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा कागद आला. डेंगी. पेशी उतरत होत्या. मुलगा पाळी सोडून गाडी घेऊन आला आणि तिला रत्नागिरीच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. चला म्हणाला, तर मी गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं कारण असं की मला देवळात जायचं होतं आणि जायचं धाडस होत नव्हतं.

डेंगी डासाने होतो हे मला ठाऊक आहे. मागच्या पडवीतलं पाण्याचं पिंप मी स्वतः उपडं केलं, आत वळवळणाऱ्या अळ्या डोळ्यांनी बघितल्या. पण असं आहे की ते पिंप तीन वर्षं तिथेच होतं. ताप चौथ्याच दिवशी का आला, याचं उत्तर पिंपात नव्हतं. मी पट्टा बांधला आणि तिला ताप आला. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या त्या सुटेनात.

अशा वेळी आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देव रागावला असेल तर कौलात कळतं, आणि मग त्यावर काय करायचं तेही विचारता येतं. पण कौल गुपचूप लागत नाही. गुरव गाऱ्हाणं घालतो, ते मानकऱ्यांच्या समोर, मोठ्याने. म्हणजे माझी पोर माझ्या चुकीने मरते आहे का, हे विचारायचं तर चूक सगळ्या गावापुढे बोलावी लागणार. बोललो की मान गेला. नाही बोललो तर पोर. हे असं सरळ होतं, तरी मी दोन दिवस देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलो. याची लाज मला आजही आहे.

मुलाचा फोन रोज यायचा. कालपेक्षा कमी. आजही कमी. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, बाहेरून रक्तातल्या पेशी चढवाव्या लागतील असं डॉक्टर म्हणतात. आणि बोलता बोलता तो रडायला लागला. लहानपणानंतर मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. फोन ठेवला आणि टॉवेल खांद्यावर टाकून गुरवाकडे गेलो.

तीन मानकरी आले. त्यांतला वयाने मोठा, त्याचं माझं लग्नाच्या आधीपासून जमत नाही. त्याच्या पुतण्याला काळा डगला हवा होता, हे सगळ्यांना ठाऊक. दुपार व्हायची होती. गुरवाने गाऱ्हाण्याला सुरुवात केली. तो एकेक वाक्य म्हणे आणि मागे बाकीचे "होय म्हाराजा" म्हणत. मग त्याने माझ्याकडे बघितलं, काय म्हणून घालू. मी सांगितलं. त्याने ते देवाला जसंच्या तसं सांगितलं, की पालखी बाहेर नसताना पेटी उघडली, आणि डगला नातीच्या अंगावर घातला.

या वाक्याला कोणी "होय म्हाराजा" म्हटलं नाही.

मोठा मानकरी म्हणाला, "पट्टा कोनी बांदला?"

"मी."

"तिनं हट धरला आसंल. आजकालची पोरं. तुला नाय म्हनवलं नसंल."

तो मला वाट करून देत होता. ते मी ओळखलं, आणि त्याचं मला नवलही वाटलं. होय म्हटलं असतं तर निम्मा दोष उतरला असता. पण तो उतरून कुठे गेला असता? रत्नागिरीला, त्या खाटेवर. आणि दुसरं, खोटं बोलून मान राखायचा तर तो मान कसला.

"नाय," मी म्हटलं. "हट माजा. तिचं चित्र चुकत होतं."

गुरवाने दोन्ही कळ्या लावल्या आणि विचारलं, देवा, तुझा राग आहे काय. मी उजव्या कळीवर नजर ठेवली होती. ती अर्ध्या बोटाएवढी खाली सरकली आणि थांबली. पाषाणावरून पाण्याचा एक थेंब तिच्या बाजूने गेला. टॉवेल हातात पिळला जात होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. डावी कळी आधी जराही हलली नव्हती. ती एकदम सुटली आणि खाली पडली.

गुरव म्हणाला, राग नाही.

मी खाली बसलो. कोणीतरी पाणी दिलं. मोठा मानकरी म्हणाला, "देव रागावला नाय, चांगलं झालं. पन गाव रागावल. औंदा डगला दुसऱ्या घरात जाईल."

"बरं," मी म्हटलं. त्या माणसाला आयुष्यात मी पहिल्यांदा बरं म्हटलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला, आकडा खाली गेला नाही, आहे तिथे थांबलाय. दुसऱ्या दिवशी तो चढला. मुलगा म्हणतो सलाइनने, भावजय म्हणते कौलाने. मी कोणाशी वाद घातला नाही. मोठ्या मानकऱ्याचा पुतण्या पेटी न्यायला आला तेव्हा डगल्याची घडी कशी घालायची, दाढीचा ताग कसा विंचरायचा, एवढं त्याला दाखवलं. पावलं त्याने विचारली नाहीत. न विचारता सांगायची माझी रीत नाही.

नात महिन्याने परत आली ती वाळलेली, केस विरळ झालेले. ऑफिसने राक्षसाचं काम तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं होतं. त्याने कंबर काढली, चेहराही उघडा केला. तिने दाखवलं. मी म्हटलं, ही गोमू आहे, हिला राक्षस कशाला म्हणता. आता ती खेळातली झाडं आणि दगड काढते. तिचा स्वतःचा संकासूर मात्र तिने ठेवला आहे. बटण दाबते, पुरुष होतो, पुन्हा दाबते, बाई होते, आणि पडद्यावर काहीही हलत नाही. ते मी आणि तिनेच बघितलंय.

शिमग्याला सकाळी पालखी आमच्या खळ्यात आली. मी नारळ घेऊन पायरीखाली उभा होतो, इतर घरांतले म्हातारे उभे असतात तसा. पालखीपुढे तो आला. आत कोण आहे ते मला ठाऊक होतं. त्याला मी शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून बघितलेला. तरी टोपीची ती दोन भोकं माझ्याकडे वळली आणि माझं पाऊल मागे गेलं. मी वाकलो. कपाळ त्याच्या पायाला लावलं. उठायला गुडघ्याने वेळ घेतला.

नात शेजारी होती. माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "आबा, हा डावा पाय आधी टाकतोय."

ते मीही बघितलं होतं. मोठा मानकरी दोन हातांवर उभा होता आणि त्याचा कान आमच्याकडे होता. मी तिचं मनगट घट्ट दाबलं. "गप."

ती गप्प झाली. मनगट हातात होतं म्हणून कळलं, ते भीतीने गार पडलं होतं. मग पालखी खळ्याबाहेर पडून पलीकडच्या घरी जाईपर्यंत मी ते सोडलं नाही.